गोलावर कोरी जागा नसते

पृथ्वीचे जुने गोल बघताना एक गंमत लक्षात येते. पॅसिफिक महासागरात, जिथे दाखवण्यासारखं फारसं काही नाही, नेमक्या तिथेच गोल करणाऱ्याचं नाव असतं, साल असतं, एखादी नक्षीदार चौकट असते, कधी कुणा राजाला केलेली अर्पणपत्रिका असते. मोकळ्या पाण्याचा इतका सोयीचा उपयोग दुसरा नसेल. सपाट नकाशात तर याहून सोय. कागद संपला की माहितीही संपली, असं म्हणून हात झटकता येतात. गोलाला कडा नसते. बोट टेकवून फिरवायला लागलं की ते परत निघाल्या जागी येतं, आणि मधे कुठेही ‘इथलं मला ठाऊक नाही’ म्हणून थांबता येत नाही. तिथेही कुठला तरी रंग द्यावाच लागतो, आणि रंग दिला की ते विधान होऊन बसतं.

दुसऱ्या ग्रहांचे हाताने काढलेले गोल मला आवडतात ते या कोंडीमुळे. खगोलशास्त्रज्ञाच्या वहीत शंका असतात, खोडाखोड असते, ‘हवा वाईट’ असे शेरे असतात. गोलावर त्यातलं काही उरत नाही. तिथे त्या माणसाला सगळं ठरवून टाकावं लागलेलं असतं.

यातला सगळ्यात बेधडक गोल मंगळाचा नाही, शुक्राचा आहे. फ्रान्चेस्को बियांकिनी हा रोममधला विद्वान. पोपच्या दरबारात वावरणारा, प्राचीन वस्तूंचा अभ्यासक, शिवाय आकाशाचा नाद. १७२६ पासून त्याने शुक्राचे वेध घ्यायला सुरुवात केली. त्या काळच्या लांबच लांब दुर्बिणींना धड नळीही नसे. भिंग उंच खांबावर, डोळा लावायचं भिंग खाली हातात, आणि मधे नुसती हवा. अशा यंत्रातून त्याला शुक्रावर फिकट डाग दिसले. डागांचे समुद्र झाले, समुद्रांना सामुद्रधुन्या फुटल्या, आणि १७२८ मध्ये त्याने या सगळ्याचं पुस्तक काढलं. गोलावर चिकटवता येतील अशा मोसंबीच्या फोडींसारख्या पट्ट्याही त्यात छापल्या. शुक्र स्वतःभोवती २४ दिवस ८ तासांत फिरतो, हेही त्याने सांगून टाकलं.

शुक्र २४३ दिवसांत फिरतो, तोही उलटा. आणि तो कायम इतक्या दाट ढगांखाली असतो, की बियांकिनीने पाहिलं ते जमिनीचं असणं शक्यच नाही. पण त्याचे समुद्र बघितले की ते खोटे वाटत नाहीत. किनारे रेखीव आहेत, नावं भारदस्त आहेत. पुस्तक पोर्तुगालच्या पाचव्या जॉन राजाला अर्पण केलेलं असल्यामुळे एका समुद्राला त्याचंही नाव आहे. हा तोच राजा, ज्याच्या कारकिर्दीत १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शुक्रावरचा समुद्र मात्र त्याच्याकडून कुणी घेतला नाही. तो आपोआपच नाहीसा झाला.

मंगळाचं तसं नाही. तिथे खरोखर काहीतरी दिसतं, आणि सगळा घोटाळा त्या ‘काहीतरी’चा आहे. मंगळ अगदी जवळ आला तरी त्याची चकती २५ विकलांची, म्हणजे चंद्राच्या पंचाहत्तराव्या हिश्शाएवढी. दुर्बिणीने ती ७५ पट मोठी केली तर नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढी होते. चंद्रावरच्या डागांत माणसांनी ससा पाहिला, हरीण पाहिलं. मग मंगळावर कालवे पाहिले यात नवल काय? शिवाय मधे आपली हवा असते, आणि ती एका जागी उभी राहत नाही. चकती थरथरते, पसरते, विरघळते. मग एखादा क्षण असा येतो, की सगळं स्थिर होतं आणि खूप बारीक काहीतरी दिसून जातं. दिसलं ते नक्की काय, हे ठरवेपर्यंत तो क्षण गेलेला असतो. त्यामुळे मंगळाचं चित्र काढायचं ते नेहमी आठवणीतून.

मी गेली काही वर्षं गच्चीवरून ही चित्रं काढते. २०१८ च्या जुलैत मंगळ आधीच्या पंधरा वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला. आपल्याकडे तेव्हा ऐन पावसाळा, आणि मंगळावर ग्रहभर पसरलेलं धुळीचं वादळ. ढगांच्या फटीतून दिसली ती एक गुळगुळीत नारिंगी चकती, जिच्यावर काढण्याजोगं काहीच नव्हतं. आई म्हणाली, “मंगळ पत्रिकेत असतो तेवढा पुरे झाला, आता गच्चीवरही कशाला हवाय?” २०२० च्या ऑक्टोबरात मात्र आकाश धुतल्यासारखं होतं. तेव्हा सिर्टिस मेजर हा गडद त्रिकोणी पट्टा मी पहिल्यांदा निवांत पाहिला. क्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये जो डाग वहीत काढून ठेवला, तोच हा. मंगळाच्या पृष्ठभागावरची कागदावर उतरलेली ही पहिली ओळखता येणारी खूण.

चित्र काढायची रीत साधी आहे. आधी एक वर्तुळ, मग ध्रुवावरची पांढरी टोपी, मग गडद डाग, आणि शेजारी घड्याळातली वेळ. ही वेळ महत्त्वाची, कारण रेखांश तिच्यातूनच निघतात. एखादा डाग चकतीच्या बरोबर मधून कधी गेला हे टिपलं, की तो कुठे आहे ते गणिताने काढता येतं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असल्यामुळे तोच डाग दुसऱ्या रात्री तेवढाच उशिरा मधे येतो. रोज ठरावीक वेळी बघत राहिलं तर सगळा ग्रह डोळ्यांखालून जायला महिन्याहून जास्त दिवस लागतात. तेवढ्यात मंगळ दूर जायला लागलेला असतो, चकती बारीक होत असते, हवा बदललेली असते. म्हणजे मंगळाचा गोल हे कुणीही एका नजरेत पाहिलेलं चित्र नव्हे. वेगवेगळ्या रात्री जोडून केलेली ती गोधडी.

ही जोडणी कशी होते ते कळावं म्हणून मी कागदाच्या लगद्याचा एक गोळा करून त्यावर माझी चित्रं उतरवायला घेतली. मधला भाग सोपा असतो. कडेला आलं की पंचाईत. चकतीच्या कडेला असलेला डाग दबून नुसती काळी फट उरतो, आणि गोलावर त्याला पुन्हा रुंद करावा लागतो. किती रुंद, ते आपण ठरवायचं. एका रात्रीच्या चित्रात एक फिकट रेघ कडेपाशी नाहीशी झालेली असते. बऱ्याच रात्रींनंतरच्या चित्रात तशीच एक रेघ दुसऱ्या कडेपासून निघालेली असते. कागदांवर त्या दोन स्वतंत्र रेघा होत्या. गोलावर त्यांची टोकं बोटभर अंतरावर येतात, आणि हातात कुंचला असतो. त्या दोन रेघा न जोडण्यासाठी फार मनोनिग्रह लागतो.

हा मनोनिग्रह ज्यांच्याजवळ होता त्यांनी गोल केलाच नाही. विल्हेल्म बेअर हा बर्लिनचा सावकार, संगीतकार मायरबेअरचा भाऊ. योहान मेडलर हा त्याचा शिक्षक आणि पुढे जोडीदार. बेअरच्या घरच्या वेधशाळेत ९५ मिलिमीटरची फ्राउनहोफर दुर्बीण होती. हल्ली शहरातल्या कितीतरी हौशी लोकांकडे याहून मोठी असते. १८३० मध्ये मंगळ जवळ आला तेव्हा या दोघांनी ‘तिथे काय आहे’ असं विचारलंच नाही. हे डाग कायमचे आहेत का, आणि असतील तर ग्रह नेमका किती वेळात फिरतो, एवढंच त्यांना हवं होतं. डाग कायमचे निघाले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी फिरण्याचा काळ २४ तास ३७ मिनिटं २३.७ सेकंद असा काढला. आजच्या आकड्याशी त्यात जेमतेम एका सेकंदाचा फरक आहे.

१८४० मध्ये त्यांनी मंगळाचा पहिला नकाशा छापला. दोन वर्तुळं, मधोमध एकेक ध्रुव. नावं नाहीत, नुसती अक्षरं. ‘a’ हा एक छोटा, ठळक, गोल डाग त्यांनी शून्य रेखांशासाठी धरला, कारण तो टिपायला सोपा होता. उत्तरेकडचा भाग त्यांना नीट दिसला नव्हता, कारण मंगळ सूर्याच्या जवळ असताना आपल्या सगळ्यात जवळ येतो, आणि तेव्हा त्याचा दक्षिण गोलार्ध आपल्याकडे कललेला असतो. म्हणून उत्तर त्यांनी विरळ ठेवली. कागदावर हे चालतं. मला हा नकाशा फार सभ्य वाटतो.

पण सभ्य नकाशा कुणी दिवाणखान्यात मांडत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम डॉज या धर्मोपदेशकाने १८६४-६५ मध्ये मंगळाची सुरेख चित्रं काढली. त्यांवरून रिचर्ड प्रॉक्टरने १८६७ मध्ये नकाशा केला आणि त्यात खंडं, महासागर, उपसागर, सामुद्रधुन्या अशी भरगच्च भूगोलाची भाषा आणली. सगळीकडे खगोलशास्त्रज्ञांची नावं, त्यांत इंग्रजांची चैन, आणि डॉज तर अनेक ठिकाणी. मग लंडनच्या जॉन ब्राउनिंगने, जो दुर्बिणी आणि वर्णपटयंत्रं बनवायचा, डॉजच्या चित्रांवरून मंगळाचा गोल केला आणि त्या गोलाचे जोडफोटो काढले. स्टिरिओस्कोपमध्ये, म्हणजे दोन डोळ्यांना दोन फोटो दाखवून खोलीचा भास करणाऱ्या यंत्रात, घातले की ग्रह उठून, गोलगरगरीत समोर येई.

या जोडफोटोंपाशी मी जरा अडखळते. ग्रहाचं चित्र, चित्रावरून गोल, गोलाचा फोटो, आणि फोटोतून पुन्हा ग्रह. बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो खोली असलेला, उजेडसावली पडलेली एक वस्तू. उजेड लंडनच्या खोलीतला आणि सावली लाकडाच्या किंवा लगद्याच्या गोळ्याची, हे ठाऊक असूनही डोळा ऐकत नाही. हीच युक्ती तीस वर्षांनी अमेरिकेत फार गांभीर्याने वापरली गेली.

त्याआधी १८७७ चं वर्ष येतं, आणि त्यात दोन हात. नथॅनिएल ग्रीन हा पेशाने चित्रकार, व्हिक्टोरिया राणीलाही चित्रकला शिकवलेला. तो दुर्बीण घेऊन मदिरा बेटावर गेला आणि तिथल्या स्वच्छ हवेत त्याने मंगळ काढला, मऊ छटांचा, एकात एक मिसळणाऱ्या रंगांचा. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जोव्हानी स्कियापारेल्ली २२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीशी बसला होता. त्याचं शिक्षण तुरिनमध्ये अभियंत्याचं झालेलं. त्याने आधी पृष्ठभागावरच्या ६२ ठिकाणांची स्थानं मोजून घेतली आणि मग त्या सांगाड्यावर चित्र भरलं. त्याच्या मंगळावर कडा स्पष्ट आहेत, आणि जमिनी कापत जाणाऱ्या रेघा आहेत. पुढे ज्यांना कालवे म्हटलं गेलं त्या याच. त्या रेघा म्हणजे दोन छटांच्या सीमा असाव्यात, असं ग्रीनचं म्हणणं. माझं मन ग्रीनकडे जातं. पण गोल करणाऱ्याच्या जागी बसून बघा. विरघळणाऱ्या छटा गोलावर उतरवणं महाकठीण, आणि रेघ? ती तर गोलासाठीच जन्मलेली. स्कियापारेल्लीची पुराणांतून आणि जुन्या भूगोलातून घेतलेली नावंही काय गोड होती: एलिसियम, हेलास, थार्सिस. त्यांच्यापुढे प्रॉक्टरचे साहेब कुठे टिकणार?

पुढचा गोलांचा बाजार मी झरझर उरकते. पॅरिसमध्ये कामिय् फ्लामारियाँच्या देखरेखीखाली बेर्तो या प्रकाशकाने १८८०च्या दशकात मंगळाचे छापील गोल विकायला काढले. ब्रसेल्समध्ये नीस्तेनने १८९२ मध्ये आपला गोल काढला. १८९०च्या दशकात फ्लामारियाँकडे काम करणाऱ्या एउजेन अँतोनियादी या तरुण निरीक्षकाच्या हातून नवा गोल तयार झाला. या अँतोनियादीकडे परत यायचं आहे.

पर्सिव्हल लॉवेलने गोलाचं जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. बॉस्टनच्या गर्भश्रीमंत घराण्यातला हा माणूस. त्या घराण्याचं नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गिरणगावाला आहे, आणि त्या गावातल्या कापडगिरण्या कालव्यांच्या पाण्यावर चालत. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला ते विसरताही येत नाही. १८९४ मध्ये त्याने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, दोन हजार मीटरहून उंच पठारावर, खास मंगळासाठी वेधशाळा उभारली. दोन वर्षांनी तिथे क्लार्क यांची २४ इंची दुर्बीण आली. प्रत्येक वेळी मंगळ जवळ येऊन गेला, की रात्रीरात्रींची चित्रं जमवून तो नवा गोल करून घेई. विकायला नव्हे, कामाला. गोल त्याच्या वेधशाळेतलं एक यंत्रच होतं. १८९५ च्या पुस्तकात मंगळाची बारा दर्शनं आहेत, तीस-तीस अंशांनी फिरवलेली. ते गोलाचे फोटो आहेत. ग्रह जसा कललेला दिसत होता तसाच गोलही कलता ठेवून घेतलेले.

आणि गोलाने त्याला पुरावाही दिला. त्याच्या रेघा गोलावर टाकल्या की त्या बृहद्वृत्तांचे तुकडे ठरत, म्हणजे गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता. निसर्ग असा आखणीने चालत नाही, नद्या वळसे घेतात. तेव्हा हे कुणीतरी आखलेलं आहे, असं लॉवेलचं म्हणणं. ग्रह आटत चाललाय, ध्रुवांवरचं बर्फाचं पाणी विषुववृत्तापर्यंत न्यायला तिथल्या शहाण्या जीवांनी हे खोदलंय. ऐकायला बिनतोड. पण चकतीच्या मधून जाणारी कुठलीही सरळ रेघ गोलावर टाकली, तर ती बृहद्वृत्ताचाच तुकडा होणार. भूमितीच तशी आहे. डोळा नेहमी मधल्या भागात नीट बघतो, हात सरळ रेघ मारतो, आणि गोल त्या सरळपणावर अभियंत्याचा शिक्का मारून देतो. रेघ आधी माणसाने मारली होती, एवढीच गोष्ट मधल्यामधे गळून जाते.

कालवे वाढत गेले. पहिल्या हंगामात १८०च्या आसपास, पुढे चारशेवर. ते एकमेकांना छेदत तिथे काळे ठिपके होते, त्यांना तो मरूद्यानं म्हणे. गोल प्रत्येक खेपेला जास्त दाट आणि जास्त बंदिस्त होत गेला. दुर्बिणीला काय दिसतं आणि त्या माणसाला काय हवंय, यांच्यातली सीमा मला त्या गोलांवर शोधूनही सापडत नाही.

ग्रिनिचच्या एडवर्ड वॉल्टर माँडरने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र मला फार आवडतो. शाळकरी मुलांना वर्गात वेगवेगळ्या अंतरांवर बसवून समोर मंगळाचं चित्र टांगलं. चित्रात ठिपके होते, छटा होत्या, कालवे मुळीच नव्हते. जवळच्या मुलांनी ठिपके काढले. फार लांबच्यांनी काहीच नीट काढलं नाही. मधल्या अंतरावरच्या कितीतरी मुलांनी रेघा काढल्या. त्यांनी कुणी लबाडी केली नव्हती. दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर डोळा तुटक गोष्टी जोडतो. तो त्याचा धर्मच आहे.

अँतोनियादीने तर स्वतःच्या हाताने हे निस्तरलं. २० सप्टेंबर १९०९ ला तो पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेतल्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीपाशी बसला. हवा विलक्षण स्थिर होती. कालव्यांच्या जागी त्याला बारीकसारीक, वेड्यावाकड्या, निसर्गात असतात तशा डागांची गर्दी दिसली. रेघा सुटल्या होत्या. एकेकाळी गोलावर कालवे उतरवणाऱ्या हातानेच मग ठिपक्या-ठिपक्यांचा मंगळ काढायला घेतला. मोठेपणा म्हणतात तो हा असावा. लॉवेलने मात्र त्याच वर्षी आणि त्यानंतरही, १९१६ मध्ये मरेपर्यंत, आपली एक रेघ कमी केली नाही.

आता एमी इंगेबोर्ग ब्रून.

या सगळ्या माणसांत ही एकटी अशी, जिची ना वेधशाळा ना मोठी दुर्बीण. डेन्मार्कमधली, जन्म १८७२ चा. आजारपणामुळे आयुष्याचा बराच काळ अंथरुणात गेला. लॉवेलची पुस्तकं तिच्या हाती पडली आणि त्याचे नकाशे बघून तिने मंगळाचे गोल रंगवायला सुरुवात केली. छापलेले नव्हेत, एकेक हाताने रंगवलेला. गेरूच्या जवळ जाणारी वाळवंटं, निळसर हिरवे पट्टे, ध्रुवावर पांढरं, आणि सगळीकडे कालव्यांचं जाळं, बारीक अक्षरांत नावं. असे मोजकेच गोल तिने केले आणि वेधशाळांना, खगोलशास्त्रज्ञांना दिले. एक ग्रिनिचला आहे, एक केंब्रिजच्या व्हिपल संग्रहालयात.

मी हे गोल फोटोतच पाहिलेत. व्हिपलमधल्या गोलावरची वाक्यं वाचून मात्र मी चमकले. ‘मुक्त जमीन, मुक्त व्यापार, मुक्त माणसं.’ हे मंगळाच्या गोलावर? शेजारी ख्रिस्ती प्रार्थनेतली ओळ, ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ पहिली घोषणा हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताच्या अनुयायांची. जमीन कुणाच्या कष्टाने निर्माण झालेली नाही, तेव्हा तिच्या किमतीतून येणारं उत्पन्न समाजाचं, कर लावायचा तर तिच्यावरच लावा, असा त्याचा विचार. डेन्मार्कमध्ये त्याला मोठा पाठिंबा होता, आणि ब्रून त्याच गोटातली.

मग लक्षात येतं की लॉवेलच्या पुस्तकात तिने काय वाचलं. लॉवेलला दिसला पाण्याचा तुटवडा आणि तो सोडवणारे हुशार अभियंते. तिला दिसलं ते असं: ग्रहभर पसरलेले कालवे एका गावाचं काम नव्हे. ध्रुवावरून निघालेलं पाणी विषुववृत्तापर्यंत जायचं तर वाटेतल्या कुणी ते अडवलेलं नसलं पाहिजे. हद्दी नसल्या पाहिजेत, जमीनदार नसले पाहिजेत, लढाया नसल्या पाहिजेत. म्हणजे तिथे ते झालेलं आहे. जे इथे व्हावं असं आम्ही नुसतं म्हणतो, ते आकाशातल्या त्या तांबड्या ठिपक्यावर होऊन गेलंय, आणि त्याची खूण दुर्बिणीतून दिसते.

ज्ञान म्हणून बघितलं तर तिचा गोल सगळ्यांत कच्चा. चुकलेल्या नकाशाची नक्कल, तीही स्वतः न पाहता केलेली. पण या सगळ्यांत मला एक गोल ठेवून घ्यायचा झाला तर मी तिचाच घेईन. बियांकिनीने राजाला खूश केलं, प्रॉक्टरने आपल्या मंडळींना जागा वाटल्या, लॉवेलने गोलाला साक्षीला उभं केलं, आणि सगळ्यांनीच आपण फक्त जे आहे ते दाखवतोय असा आव आणला. ब्रूनने आपल्याला काय हवंय ते गोलावरच लिहून टाकलं. पलंगावर पडून, बारीक कुंचल्याने एकेक कालवा नेताना तिला काय वाटत असेल, याचा विचार मी करते तेव्हा ‘पण कालवे नव्हतेच’ हे वाक्य बरोबर असूनही फार काही सांगत नाही. १९२९ मध्ये ती गेली.

कालवे नकाशांतून जायला त्यानंतरही वेळ लागला. १९६२ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी मंगळाचा जो नकाशा तयार झाला तो लॉवेलच्याच वेधशाळेतल्या ई. सी. स्लायफरच्या कामावर आधारलेला होता, आणि त्यात रेघा होत्या. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे अमेरिकन यान मंगळाजवळून गेलं. त्याने पाठवलेल्या एकवीस पूर्ण आणि एका अपुऱ्या चित्रांत दिसली ती विवरं. यातही एक हाताचं काम आहे. पहिल्या चित्राचे आकडे येऊ लागले तेव्हा यंत्राने चित्र जुळवून देईपर्यंत धीर न धरवल्याने कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि आकड्यांप्रमाणे खडूचे रंग भरले. एवढं अंतर कापून आलेलं पहिलं चित्र शेवटी माणसाने रंगवलंच. फरक इतकाच की कुठे कुठला रंग द्यायचा हे आता मंगळ सांगत होता. मग मरिनर ९ नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलं, धुळीचं वादळ बसेपर्यंत वाट बघत थांबलं, आणि जवळजवळ सगळा ग्रह टिपला. त्या फोटोंचे तुकडे कापून माणसांनी ते एका मोठ्या गोलावर हाताने चिकटवले.

जुन्या गोलांवरचं सगळंच गेलं असं मात्र नाही. बेअर आणि मेडलरचा तो ‘a’ डाग जिथे होता तिथूनच आजही मंगळाचे रेखांश मोजतात. तिथल्याच एका छोट्या विवरावर शून्य धरलं गेलं. स्कियापारेल्लीची नावं तर पाट्या बदलाव्यात तशी डोंगरदऱ्यांना आणि पठारांना लागली. लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं द्यायची पद्धत पडली. त्यामुळे मंगळावर एक भोर आहे, एक लोणार आहे. लोणारला तर ते शोभतंच. आणि एक पूना आहे, सुमारे २० किलोमीटर रुंदीचं. या नावांसाठी गावाची वस्ती एक लाखाच्या आत हवी असा नियम आहे. पुण्याला तो कसा लागू झाला हे पुणेकरांना विचारू नये, आणि विचारलंच तर उत्तर ऐकायला वेळ काढून जावं.

हे पूना विवर उत्तरेला २४ अंशांवर आहे. मी ते जुन्या गोलांवर शोधत बसते. त्या पट्ट्यात स्कियापारेल्लीने, आणि त्याच्यामागून लॉवेलने, एक ठळक वाकलेला कालवा काढला होता. त्याचं नाव निलोकेरास, म्हणजे नाईलचं शिंग. ब्रूनच्या गोलाचा फोटो मोठा करून बघितला की रेघांच्या त्या गर्दीत कुठेतरी माझं गाव यायला हवं, भर कालव्याच्या काठी, मुक्त जमिनीवर.